वेब्ली घ्यायचे आहे, पण कोणते?

प्रश्न : काका, नमस्कार. मी ह्यूस्टनला असतो, ग्रीन कार्ड आहे. ओक्लाहोमातल्या एका गृहस्थांकडे वेब्ली या ब्रिटिश कंपनीचे मार्क ६ लष्करी रिव्हॉल्व्हर विकाऊ आहे. त्यावर १९१७ साल ठोकलेले आहे. ते म्हणतात, शंभर वर्षांवरचे आहे म्हणजे ‘अँटिक’, कागदपत्रांची भानगड नाही. सगळे मूळचे आहे, फक्त .४५ एसीपी काडतूस बसेल असे करून घेतलेय, त्यामुळे कुठल्याही दुकानातली गोळी चालते. पोलादावरची निळाई (गंज चढू नये म्हणून दिलेली निळसर झिलई) तर आरशासारखी आहे. माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीतून मेसोपोटेमियाला गेले होते, म्हणून या रिव्हॉल्व्हरची ओढ. काचेच्या कपाटात ठेवायचे आणि शनिवारी नेमबाजीच्या रेंजवरही न्यायचे असा विचार आहे. घेऊ का? – एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर : हे रिव्हॉल्व्हर या सांगण्यावर घेऊ नका. का ते सविस्तर लिहितो, म्हणजे पुढचे तुमचे तुम्हाला पारखता येईल.

आधी कायदा. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात ‘अँटिक’ची व्याख्या ‘शंभर वर्षांचे’ अशी नाही. तिथे साल ठरलेले आहे : १८९८ किंवा त्याआधी बनलेले शस्त्र. मार्क ६ ब्रिटिश लष्कराने स्वीकारले तेच मुळी मे १९१५ मध्ये. त्यामुळे या नमुन्याचे एकही रिव्हॉल्व्हर त्या व्याख्येत बसत नाही. वेब्लीत ‘अँटिक’ हवेच असेल तर १८८७ चे मार्क १ आणि त्याच्या लगतचे नमुने शोधावे लागतील, तेही १८९८ पर्यंत बनलेले. तुमचा विक्रेता दुसऱ्या राज्यात आहे. त्याने ते रिव्हॉल्व्हर टेक्सासमधल्या परवानाधारक विक्रेत्याकडे पाठवायचे, तिथे तुम्ही ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरायचा, तुमची पार्श्वभूमी तपासली जायची आणि मग ते तुमच्या हाती यायचे, असा सरळ मार्ग आहे. संग्रह वाढवायचा असेल तर ‘क्युरिओ अँड रेलिक’चा परवाना काढा. तीन वर्षांना तीस डॉलर शुल्क आहे, आणि पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ स्वरूपातली शस्त्रे त्यावर थेट घरी मागवता येतात. ‘कागदपत्रे नकोत’ म्हणणाऱ्या माणसाकडून मी टाचणीही घेणार नाही. त्याला कायदा ठाऊक नसेल तर बाकी माहितीही कच्ची असणार, आणि ठाऊक असेल तर प्रश्नच मिटला.

आता खरी गोष्ट, सिलिंडरची. वेब्लीचे मूळ काडतूस .४५५. त्याला मागे कड असते आणि त्या कडेवर ते सिलिंडरमध्ये टेकते. .४५ एसीपी हे पिस्तुलाचे काडतूस आहे, त्याला बाहेर आलेली कड नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात हजारो वेब्ली अमेरिकेत स्वस्तात विकायला आली. .४५५ इथे मिळेना, .४५ एसीपीचा मात्र सुकाळ. मग आयातदारांनी त्यांतल्या पुष्कळांच्या सिलिंडरचा मागचा पृष्ठभाग मशीनवर तासून कमी केला, म्हणजे पोलादी पट्टीच्या अर्धचंद्री क्लिपमध्ये अडकवलेली एसीपी काडतुसे त्यात बसू लागली. इथले लोक याला ‘शेव्ह्ड’ म्हणतात. तुमचे रिव्हॉल्व्हर त्यातलेच.

काडतूस बसते म्हणून ते झाडावे असे होत नाही. अमेरिकेत .४५ एसीपीला ठरवून दिलेली दाबाची कमाल मर्यादा चौरस इंचाला २१,००० पौंड आहे. .४५५ साठी ती साधारण १३,००० आहे. १९१७ सालचे पोलाद, तेव्हाचे उष्णतासंस्करण, आणि सिलिंडर अडकण्यासाठी प्रत्येक घरावर (काडतूस बसायच्या भोकावर) कापलेली खाच, जिथे भिंत सर्वांत पातळ. त्यावर दुकानातली पूर्ण दाबाची गोळी म्हणजे प्रत्येक बाराला त्या धातूकडून उसने घेणे. काही रिव्हॉल्व्हरे वर्षानुवर्षे ते सोसतात, म्हणून विक्रेते छातीठोकपणे ‘चालते’ म्हणतात. काहींचे सिलिंडर तडकतात, काहींची वरची पट्टी उचकटते. मी आयुष्य टूलरूममध्ये काढले, आधी पिंपरीला, मग क्लीव्हलँडला. धातू थकतो तेव्हा आधी सांगत नाही. तुमचा चेहरा त्या सिलिंडरपासून हातभर अंतरावर असणार आहे, एवढे लक्षात ठेवा.

शेव्ह्ड रिव्हॉल्व्हर झाडताच येत नाही असे नाही. हलक्या दाबाची, शिशाच्या गोळीची, हाताने भरलेली काडतुसे वापरली तर चालते. त्यासाठी .४५ ऑटो रिम हे कड असलेले काडतूस फार सोयीचे. १९२० साली ते पीटर्स कंपनीने काढले, आणि ती कंपनी आमच्या ओहायोतलीच. पण काडतूस भरण्याची कला शिकल्याशिवाय या वाटेला जाऊ नका. मूळ सिलिंडर असेल तर फिओकी कंपनीची .४५५ काडतुसे मिळतात. महाग असतात आणि कधी कधी वाट पाहावी लागते, पण दाब या हत्याराला साजेसा असतो. आणखी एक बारकावा. या रिव्हॉल्व्हरांत सिलिंडरच्या घराचे तोंड बहुधा नळीच्या आतल्या मापापेक्षा किंचित अरुंद असते. मूळ २६५ ग्रेन वजनाची गोळी तळाशी पोकळ होती. बार उडाला की तो पोकळ तळ फुगायचा आणि नळीतल्या सात आट्यांना (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांना) घट्ट धरायचा. भरीव तळाची कठीण गोळी घातलीत तर ती नळीत नुसती घसरत जाते आणि कागदावर आडवी भोके पडतात. मग लोक रिव्हॉल्व्हरला नावे ठेवतात. त्याचा दोष नसतो.

शेव्ह केलेले ओळखायचे कसे? मागच्या पोलादी पाठीमध्ये आणि सिलिंडरमध्ये किती फट आहे ते उजेडासमोर धरून पाहा. क्लिपची जाडी मावेल एवढी फट दिसली की समजा. सिलिंडरचा मागचा पृष्ठभाग पाहा, तासल्याच्या ताज्या वर्तुळाकार रेघा दिसतात, आणि कडेजवळचे शिक्के किंवा अंक अर्धे कापलेले असतात. संग्राहकाच्या दृष्टीने हे कधीही भरून न येणारे नुकसान आहे. न तासलेल्या सिलिंडरच्या रिव्हॉल्व्हरला म्हणूनच चांगली जास्त किंमत येते.

आणि ती आरशासारखी निळाई. पहिल्या महायुद्धात घाईघाईने बनलेले, चामड्याच्या म्यानात घासलेले, शंभर वर्षे हाताळलेले हत्यार आरशासारखे कसे असेल? ते पॉलिशच्या चाकावर धरून पुन्हा निळे केले आहे, हे जवळपास नक्की. सरकारी अक्षरांच्या कडा पाहा. मूळ शिक्का धारदार, खोल असतो. चाकावर धरलेला शिक्का विरघळल्यासारखा दिसतो. स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा खळगा झालेला असतो, आणि नळीच्या सरळ कडा गोलावलेल्या. मला हे पाहून खरोखर वाईट वाटते. बर्मिंगहॅमच्या कारागिराने कानशीने राखलेली कड पन्नास वर्षांनी कोणी तरी दहा मिनिटांत पुसून टाकतो, आणि ती परत आणता येत नाही. झिजलेली, तपकिरी पडलेली, पण खरी निळाई असलेले रिव्हॉल्व्हर दिसले तर तेच निवडा. निकेलची झिलई दिसली तर आणखी सावध व्हा. लष्करी मार्क ६ वरची ती बहुतेक वेळा मागाहून चढवलेली असते.

हातात घेतल्यावरची तपासणी अशी. प्रथम मालकाची परवानगी घ्या, रिव्हॉल्व्हर मोडून, म्हणजे वरची खिटी दाबून नळी खाली वाकवून, सहाही घरे रिकामी असल्याची स्वतः खात्री करा. मालकाने आत्ताच पाहिले असले तरी. घोड्याला पुढे टोक आहे, तेव्हा नकली काडतुसे न घालता चाप ओढत बसू नका. मग बंद करून एका हातात नळी, दुसऱ्यात मूठ धरा आणि वरखाली, आडवे हलवून पाहा. बिजागरीत किंवा खिटीत खुळखुळ जाणवली तर ती या जातीच्या रिव्हॉल्व्हरची सर्वांत महागडी दुखणी आहेत. घोडा सावकाश मागे ओढा, सिलिंडरवर बोटाचा हलका भार ठेवा. प्रत्येक घर आपल्या जागी येऊन बसते का, की एखादे थोडे आधीच थांबते? सहाही पाहायची, एकावरून अंदाज नको. चाप दाबून धरलेला असताना सिलिंडर जवळपास न हलणारे हवे. चाप सोडल्यावर थोडे हलले तर घाबरू नका, वेब्लीत ते चालते. घोडा पूर्ण मागे ताणून अंगठ्याने पुढे ढकलून पाहा. तो निसटला तर तिथेच ठेवून द्या. सिलिंडर आणि नळी यांतली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांच्या मापकाने) मोजा. चार ते आठ हजारांश इंच असेल तर छान.

नळीतून उजेड पाहा, पण आधी कापड फिरवून स्वच्छ करायला सांगा. तेल आणि काजळी बरेच काही झाकते. त्या काळातली लष्करी काडतुसे नळीला गंज चढवणारी होती. झाडल्यावर पाण्याने धुतली नाही की आत खड्डे पडत. आट्यांच्या कडा स्पष्ट असतील तर हलके खड्डे मी खपवून घेतो, शिशाची गोळी तेवढे सोसते. नळीत कुठे अंगठीसारखे काळे वर्तुळ दिसले तर मात्र तिथे कधी तरी गोळी अडकून तिच्यामागे दुसरी आली असावी. ती नळी फुगलेली असते. बाहेरून बोट फिरवले की जाणवते.

फ्रेम, नळी आणि सिलिंडर, तिन्हींवरचे अंक जुळायला हवेत. बाणाचे चिन्ह म्हणजे ब्रिटिश सरकारची मालकी. दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर ते सरकारी सेवेतून विकले गेले. बाणाखाली ‘आय’ असेल तर ते हिंदुस्थान सरकारचे, आणि तुमच्या मनातली ओढ लक्षात घेता मी तर असेच शोधायला सांगेन.

पणजोबांविषयी. १०३वी, ११०वी आणि ११७वी मराठा पलटण मेसोपोटेमियातल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात होती. तो वेढा डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ असा चालला. पणजोबा शिपाई असतील तर त्यांच्या हाती रायफल होती. वेब्ली होती ती अधिकाऱ्यांच्या कमरेला, आणि पुष्कळ ब्रिटिश अधिकारी रिव्हॉल्व्हर स्वतःच्या पैशाने घेत. अशा खासगी रिव्हॉल्व्हरांवर कधी कधी दुकानाचे नाव असते, उदाहरणार्थ ‘आर्मी अँड नेव्ही’. मुंबईत काळा घोड्याला त्याच नावाची इमारत तुम्ही पाहिली असेल, तेच ते दुकान. १९१७ साल ठोकलेले रिव्हॉल्व्हर कुतच्या वेढ्यात असणे शक्यच नाही, तेव्हा उद्या कोणी विक्रेता तुमची ओढ ओळखून तशी गोष्ट सांगू लागला तर साल दाखवा. गोष्टीचे पैसे देऊ नका. शिक्क्यांचे द्या, जुळणाऱ्या अंकांचे द्या.

किमतीसाठी लोक काय मागतात ते पाहू नका, लिलावात प्रत्यक्ष किती डॉलर पडले ते पाहा. संपलेल्या लिलावांचे आकडे उपलब्ध असतात. त्यांतली शेव्ह्ड आणि मूळ अशी वेगळी काढा, मग तुलना करा.

कपाट आणि रेंज दोन्ही एकाच हत्याराने साधते का? साधते, पण मधल्या दर्जाच्या हत्याराने. निष्कलंक, कधीच न वापरलेले वेब्ली मिळाले तर ते झाडू नका. प्रत्येक बार त्याची किंमत उतरवतो आणि त्याच्यासारखी थोडीच उरली आहेत. तुमच्यासाठी न तासलेले सिलिंडर, जुळणारे अंक, प्रामाणिक झीज आणि स्वच्छ नळी असलेले पाहा. घेतल्यावर पहिला बार उडवण्याआधी जुन्या रिव्हॉल्व्हरांची माहिती असलेल्या गनस्मिथकडे न्या. तो नळीतून सळई घालून सहाही घरे नळीच्या रेषेत आहेत का ते पाहील. या तपासणीचे पैसे खरेदीच्या किमतीतच धरून ठेवा.

प्रश्न : मी डॅलसला एच-१बी व्हिसावर आहे. मित्रांबरोबर रेंजवर जुनी रिव्हॉल्व्हरे भाड्याने घेऊन चालवावीत, आवडले तर एक घ्यावे, असे मनात आहे. चालेल ना? – एक वाचक, डॅलस

उत्तर : थांबा. बिगर-स्थलांतरित व्हिसावरच्या माणसाला, आणि एच-१बी त्यातच येतो, केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई आहे. थोडे अपवाद आहेत, त्यांतला नेहमीचा म्हणजे राज्याचा चालू शिकार-परवाना. रेंजवर भाड्याने घेणेही ‘बाळगणे’ धरले जाते, आणि मित्राची बंदूक हातात घेणेही. पकडले गेलात तर तुरुंग आणि देशाबाहेर काढले जाणे, दोन्ही शक्य आहे. टेक्सासमध्ये आजूबाजूला सगळ्यांकडे बंदुका असतात, म्हणून आपल्या तरुणांना हे खरे वाटत नाही. पाऊल टाकण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, मित्राला नाही.

तोपर्यंत अभ्यास करा. वायोमिंगमध्ये कोडीचे शस्त्रसंग्रहालय आहे, ते पाहायला दिवस पुरत नाही. इंग्लंडला गेलात तर लीड्सचे रॉयल आर्मरीज. वेब्लीच्या भोवतीच्या वस्तूही गोळा करता येतात : चामड्याची म्याने, रिव्हॉल्व्हरला बांधायच्या दोऱ्या, जुन्या लष्करी पुस्तिका, सहाही काडतुसे एकदम भरणारे प्रिडो नावाचे साधन. मार्क ६ ला लावायचे प्रिचर्ड संगीन मात्र अनोळखी माणसाकडून घेऊ नका. खरी फार थोडी बनली, नकली उदंड आहेत.

प्रश्न : आमच्या आजोबांचे .४५५ वेब्ली वडिलांच्या नावे परवान्यावर होते. वडील गेले, रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्यात जमा केले. माझा मुलगा शिकागोला असतो, त्याला आठवण म्हणून देता येईल का? एक परिचित म्हणतात की पुरातन हत्याराला परवानाच लागत नाही. – एक वाचक, सातारा

उत्तर : जमा केलेत हे उत्तम केलेत, पुष्कळ घरांत ते कपाटातच राहते आणि मुले अडचणीत येतात.

परिचितांनी कायद्याचे अर्धेच वाक्य वाचले आहे. १९५९च्या शस्त्र कायद्यात जुन्या बनावटीच्या, पुरातन मूल्याच्या हत्यारांना सूट आहे, पण दुरुस्ती करून किंवा न करता, कोणत्याही प्रकारे ते अग्निशस्त्र म्हणून वापरता येण्याजोगे नसेल तरच. आजोबांचे वेब्ली चालू स्थितीत असेल तर ही सूट त्याला नाही. शिवाय .४५५ आणि .३८० ही काडतुसे घेणारी रिव्हॉल्व्हरे भारतात निषिद्ध बोअरमध्ये (नळीच्या मनाई असलेल्या मापांत) मोडतात, त्यांना केंद्र सरकारची खास परवानगी लागते. म्हणून तर कानपूरला वेब्लीच्याच धाटणीची रिव्हॉल्व्हरे बनतात, पण .३२ मध्ये. वारस म्हणून तुम्हाला अर्ज करता येतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात, वारशाने आलेले धरून. तुमच्या नावे आधीच दोन असतील तर भाऊ किंवा बहीण यांच्या नावे विचार करा. वडिलांचा मूळ परवाना, मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची लेखी संमती एकत्र ठेवा. त्यांवाचून कागद पुढे सरकत नाही.

मुलाला पाठवण्याचा विचार सोडा. शंभर वर्षांवरची ऐतिहासिक वस्तू १९७२च्या पुरावशेष कायद्याखाली पुरावशेष (जतन करायची प्राचीन वस्तू) ठरू शकते आणि खासगी माणसाला पुरावशेष देशाबाहेर नेता येत नाही. त्याहून अलीकडचे असले तरी शस्त्र निर्यातीचा परवाना वेगळा, आणि पलीकडे अमेरिकेची आयातीची परवानगी वेगळी. मुलाला फोटो पाठवा, आजोबांचा परवाना स्कॅन करून पाठवा.

तुम्ही आत्ता करायचे काम दुसरेच आहे. जमा केल्याच्या पावतीवर रिव्हॉल्व्हरचा क्रमांक, बोअर आणि स्थिती लिहिलेली आहे का ते पाहा, नसेल तर लिहून मागा. आणि ठाण्याच्या अधिकाऱ्यांना लेखी विनंती करा की त्यांच्या समक्ष ते साफ करून तेल लावू द्यावे. साताऱ्याच्या पावसात मालखान्यातले पोलाद एका हंगामात लाल होते, आणि परवाना यायला एकापेक्षा जास्त पावसाळे लागू शकतात. चामड्याच्या म्यानात ठेवले असेल तर ते आधी बाहेर काढायला सांगा. चामडे ओल धरून ठेवते, म्यान वेगळे ठेवावे.